पेटीच्या साथीला बसताना

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो पेटी उत्तम वाजवतो; मात्र मैफलीत गायकाने नजरेने केलेली खूण त्याच्या लक्षात येत नाही आणि ध्वनिक्षेपकाची शिट्टी वाजली की तो उठून जातो. आयोजक आता त्याला केवळ दिव्यांग दिनाला बोलावतात, तेही मानधनाशिवाय. त्याने साथसंगत हा व्यवसाय करावा का?
— एक आई, मिरज

उत्तर : जरूर करावा. आपल्या पत्रात त्याच्या वादनाविषयी एकही तक्रार नाही. अडचणी आहेत त्या मैफलीच्या रिवाजातून आलेल्या. गायक पेटीला जागा केव्हा सोडणार हे साथीदाराने चेहऱ्यावरून ओळखावे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. त्याऐवजी गायकाने हात उचलावा किंवा स्पष्ट ‘पेटी’ म्हणावे, आणि ही खूण तालमीतच पक्की करावी. सुरुवातीला शक्यतो एकाच गायकाची साथ करू द्यावी.

पट्टी, म्हणजे गायक पेटीच्या कोणत्या स्वराला ‘सा’ धरून गाणार, हेही आधी विचारून ठेवावे. स्वमग्न व्यक्तींमध्ये कोणताही स्वर आधाराशिवाय अचूक ओळखणारा कान इतरांपेक्षा अधिक आढळतो. आपल्या मुलाचा कान तसा असेल, तर काळी एक या पट्टीत तयारी केल्यावर ऐनवेळी पांढरी दोन मागितली गेल्यास ओळखीची बंदिशही त्याला परकी वाटू शकते. मात्र हे शिकवता येते. ब्रिटनचे अंध व स्वमग्न पियानोवादक डेरेक पॅराविचिनी ऐकलेली रचना हव्या त्या पट्टीत वाजवतात. त्यामागे त्यांचे शिक्षक अ‍ॅडम ऑकलफर्ड यांची अनेक वर्षांची मेहनत आहे आणि कौतुकाच्या भरात नेमकी तीच विसरली जाते. एकच बंदिश रोज दोन पट्ट्यांत वाजवून घ्यावी.

ध्वनिचाचणी श्रोते येण्यापूर्वी, मुलगा मंचावर असताना व्हावी आणि मॉनिटर (मंचावरचा, कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर) त्याच्यापासून दूर असावा. तरीही उठावेसे वाटले, तर विंगेत शांत जागा असावी व गायकाला त्याची पूर्वकल्पना असावी.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याचे कलम २९ दिव्यांग कलावंतांना सुविधा, साहाय्य व प्रायोजकत्व देण्याची जबाबदारी शासनावर टाकते. खासगी आयोजकाशी मात्र आपणच बोलावे लागेल. पट्टी, खुणा, ध्वनिचाचणीची वेळ आणि मानधन हे सारे एकाच पत्रात लिहून द्यावे. दिव्यांग दिनाचे निमंत्रणही अवश्य स्वीकारावे, परंतु इतर साथीदारांना मिळते तेवढेच मानधन मागून.