कॉनर बेडार्ड आणि मॅकलिन सेलेब्रिनी या आइस हॉकीपटूंच्या खेळात नेमका काय फरक आहे? आकडे तर सारखेच दिसतात.

आकडे खरंच सारखे आहेत. बेडार्डने एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगच्या, पहिल्या सीझनमध्ये (2023-24, शिकागो) 68 सामन्यांत 61 गुण (गोल आणि गोलला मदत करणारे पास मिळून) घेतले, सेलेब्रिनीने (2024-25, सॅन होजे) 70 सामन्यांत 63. म्हणजे सामन्यामागे साधारण 0.9. दोघेही सेंटर (मधले आक्रमक), दोघेही कॅनडातल्या व्हँकुव्हर भागातले, दोघेही आपापल्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात ती वार्षिक फेरी) पहिले. पण हे गुण आले कुठून, ते पाहिलं की सारखेपणा संपतो.

बेडार्डचं भांडवल म्हणजे त्याचा रिस्ट शॉट, म्हणजे मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका. तो उजव्या हाताने खेळतो. पक (रबराची चकती) अंगापासून लांब, उजवीकडे धरून येतो. समोरचा बचावपटू त्या रेषेत स्टिक घालतो आणि गोलीही पकच्याच रेषेत उभा राहतो, कारण गोली कोन धरतो तो पकचा, खेळाडूच्या अंगाचा नव्हे. मग बेडार्ड स्टिकच्या टोकाने पक पायाकडे ओढतो आणि त्याच हालचालीत सोडतो; ओढणं आणि मारणं यांत थांबा नाही. एवढ्याशा ओढण्याने दोन गोष्टी होतात. गोलीने धरलेला कोन चुकतो, आणि पक बचावपटूच्या स्टिक व पायांमधून येत असल्यामुळे तो गोलीला उशिरा दिसतो. म्हणजे अडवायला आलेला माणूसच गोलीसमोर पडदा धरून उभा!

ही युक्ती फसते ती अंतरामुळे. ज्युनियर लीगमध्ये बचावपटू त्याला घाबरून मागे सरकत, म्हणून ओढायला जागा मिळायची (2022-23 मध्ये रिजायना या ज्युनियर संघाकडून 57 सामन्यांत 143 गुण, ते काही उगाच नाहीत). एनएचएलमध्ये बचावपटू स्टिकभर अंतराच्या आत येतो. तेव्हा पक आत ओढला तर तो थेट त्याच्या स्केट्सवर जातो आणि उलटा हल्ला सुरू होतो. पहिल्या सीझनमध्ये त्याचं अधिक-उणे (ढोबळमानाने, तो बर्फावर असताना संघाने केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांतला फरक) -44 होतं. संघ कमकुवत होता हे मान्य, पण सगळा दोष संघावर टाकता येणार नाही. फेसऑफमध्येही (पंच दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू करतो तेव्हा) तो 40 टक्क्यांच्या खाली होता, आणि सेंटर फेसऑफ हरला की पुढचा काही वेळ पकमागे धावण्यातच जातो.

सेलेब्रिनीचा खेळ शॉटच्या बराच आधी सुरू होतो. स्वतःच्या गोलपाशी बघा: त्याचा बचावपटू कोपऱ्यात पक घेऊन अडकला की तो मधल्या भागात वाट बघत राहत नाही, खाली जवळ येऊन छोट्या पाससाठी स्टिक बर्फावर टेकवून तयार राहतो. पक मिळाल्यावर कंबर आणि पाठ प्रतिस्पर्ध्याकडे करून तो झाकतो, एक झटक्याची वळसा-चाल घेतो आणि मग वर निघतो. पक गेला तर वळून मागे धावतो आणि मागून विरुद्ध खेळाडूची स्टिक उचलतो. हायलाइट्समध्ये यातलं काहीच येत नाही, म्हणून नुसत्या क्लिप्स बघणाऱ्याला बेडार्ड नेहमीच वरचढ वाटणार. सेलेब्रिनीचा शॉटही कच्चा नाही (पहिल्या सीझनमध्ये 25 गोल, बेडार्डचे 22); फक्त त्याचा अख्खा खेळ त्या एका शस्त्रावर उभा नाही.

पॉवर प्लेमध्ये (शिक्षेमुळे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू बाहेर असताना) दोघे एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब. बेडार्ड उजव्या हाताचा म्हणून बहुधा डावीकडच्या वर्तुळापाशी, सेलेब्रिनी डाव्या हाताचा म्हणून उजवीकडे. उलट बाजूला उभं राहिलं की आडवा आलेला पास न थांबवता मारता येतो.

एनएचएलआधीचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका. बेडार्डसमोर ज्युनियरमध्ये 16 ते 20 वर्षांची मुलं होती. सेलेब्रिनी 17व्या वर्षी बोस्टन विद्यापीठाकडून खेळत होता, समोर 22-23 वर्षांचे भरलेल्या अंगाचे खेळाडू. तिथले 38 सामन्यांतले 64 गुण माझ्या मते 143 पेक्षा फार मागे नाहीत.

आज संघ बांधायचा असेल तर मी सेलेब्रिनी घेईन, कारण शॉट बसत नसलेल्या रात्रीही तो उपयोगी पडतो. एक गोल हवा असेल आणि शेवटची 2 मिनिटं उरली असतील, तर पक बेडार्डकडे.

स्वतः पडताळायचं असेल तर एक पूर्ण सामना घ्या आणि पक सोडून फक्त या दोघांपैकी एकाकडे बघा. पक हातातून गेल्यानंतरच्या 5 सेकंदांत तो काय करतो, आणि संघाचा पहिला पास तो कुठे उभा राहून घेतो, एवढं दहा-बारा शिफ्टमध्ये (बर्फावरच्या एकेका खेपेत) टिपलंत तरी पुरे. बेडार्डच्या नोंदी बहुतेक मधल्या रेषेच्या आसपासच्या निघतील, सेलेब्रिनीच्या स्वतःच्या गोलजवळच्या.