जुन्या पुस्तकांत डॅनेडी आणि सॅटिरिडी वेगळी कुळं, मग आता सगळी निंफॅलिडीत कशी?

टायगर आणि क्रो ही फुलपाखरं जुन्या पुस्तकात डॅनेडी कुळात, ब्राउन आणि रिंग ही सॅटिरिडीत, आणि नव्या याद्यांमध्ये मात्र सगळी निंफॅलिडीत, असं का, हा तुमचा पहिला प्रश्न. फोटोवरून हे कुळ कसं ओळखायचं, हा दुसरा.

खरी गोची झाली ती चराक्सेसमुळे, म्हणजे राजा आणि नवाब या दणकट फुलपाखरांमुळे. जुन्या मांडणीत ती पॅन्सी, सेलर, बॅरन यांच्यासोबत निंफॅलिडीत होती. डीएनएवरून वंशवृक्ष काढल्यावर ती सॅटिरिडीच्या जवळची निघाली. आता कुळ म्हणजे एका पूर्वजाची सगळी संतती, त्यातलं कुणालाच वगळायचं नाही, हा नियम पाळायचा तर जुनी निंफॅलिडी टिकतच नाही. अक्रेइडीचंही तेच झालं. तिला स्वतंत्र कुळ मानत, पण टॉनी कॉस्टर हे फुलपाखरू ज्या अक्रेयांमधलं, त्या थेट फ्रिटिलरी फुलपाखरांच्या शेजारी जाऊन बसल्या. मॉर्फो आणि अमॅथुसिया यांची वेगळी कुळं तर सॅटिरिडीच्या पोटातच निघाली.

मोठ्या फांद्यांना कुळाचा दर्जा देऊनही हा नियम पाळता आला असता, त्यात तांत्रिक चूक काही नाही. तरी एकच कुळ आणि त्यात बारा उपकुळं ही मांडणी मला जास्त सोयीची वाटते. कॅलिनागासारख्या गटाची जागा अभ्यासागणिक थोडी सरकते. उपकुळं ठेवली की फांदी हलली तरी नावं हलत नाहीत. बारा जणांत समसमान वाटणी मात्र अजिबात नाही. कुळात सुमारे ६,००० जाती, त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास एकट्या सॅटिरिनी उपकुळात (जुनी सॅटिरिडी), तर लांब 'चोचीच्या' बीक फुलपाखरांच्या लिबिथिनी उपकुळात जेमतेम दहा-बारा. सॅटिरिनीच्या या पसाऱ्याचं मोठं कारण गवत: बहुतेक सुरवंट गवतवर्गीय वनस्पतींवर वाढतात, आणि गवताळ प्रदेश जगभर पसरले तशा त्यांच्या जातीही वाढल्या.

काळाबद्दल थोडक्यात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासाने कुळाचा उगम साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा धरला, आणि डायनासोर संपले त्या संकटातून दहा-बाराच वंशशाखा तगल्या असा निष्कर्ष काढला. हे आकडे अंदाज म्हणूनच वाचा. फुलपाखरांचे जीवाश्म फार कमी सापडतात. कोलोरॅडोतल्या फ्लोरिसंटचा प्रोड्रायस पर्सेफोनी हा या कुळातला सुंदर जीवाश्म, पण तो सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे उगमानंतर बराच उशिराचा.

आता ओळख. 'चारच पाय दिसले की निंफॅलिडी' हा ठोकताळा बराचसा चालतो, पण तीन ठिकाणी फसवतो. पहिलं, रिओडिनिडी, म्हणजे जुडी आणि पंच यांच्या कुळातही नरांचे पुढचे पाय आखूड असतात. दुसरं, बीकच्या मादीचे सहाही पाय चालते असतात. तिसरं, तुटलेला पाय. त्यामुळे फोटो वरून न काढता बाजूने, शरीराच्या पातळीवर कॅमेरा आणून काढा. डोक्यामागे छातीला चिकटून दुमडलेला केसाळ कुंचला दिसला, तर तो पुढचा पाय. तो चालायला वापरत नाहीत. मादी त्याने पानावर टकटक करून चव घेते आणि अंडं घालायचं की नाही ते ठरवते.

नमुना हातात असेल तर १०एक्स भिंगाखाली मिशीची खालची बाजू बघा. लांबीच्या दिशेने तीन बारीक कंगोरे आणि त्यांच्यामध्ये दोन खाचा दिसल्या तर शंका मिटली. पायांपेक्षा ही खूण जास्त भरवशाची. कोषही उपयोगी: तो शेपटाकडून उलटा लटकतो, कमरेला धागा नसतो.

उपकुळासाठी पंखांच्या रंगावर विसंबू नका, कारण नक्कल याच कुळात जोरात आहे. डॅनेड एगफ्लाय या निंफॅलिनी उपकुळातल्या फुलपाखराची मादी प्लेन टायगरसारखी केशरी-काळी असते आणि याद्यांमध्ये हमखास चुकीच्या नावाने चढते. मागच्या पंखाची वरची बाजू बघा. प्लेन टायगरच्या पंखाच्या मधल्या भागात तीन काळे ठिपके असतात, नरात गंधाचा डाग धरून चार. एगफ्लायच्या मादीत पुढच्या कडेजवळ एकच. शिवाय टायगरच्या काळ्या डोक्या-छातीवर ठसठशीत पांढरे ठिपके असतात.

सुरवंट मिळाला तर काम आणखी सोपं. गुळगुळीत अंगावर मांसल तंतूंच्या जोड्या आणि झाड रुईचं, तर डॅनेनी. फाट्या फुटलेल्या काट्यांच्या रांगा असतील तर पाठीचा मध्य तपासा: तिथे काट्यांची रांग असेल तर निंफॅलिनी, नसेल तर हेलिकोनिनीकडे (फ्रिटिलरी आणि अक्रेयांचं उपकुळ) झुका. शेपटाला दोन टोकं आणि अन्न गवत, तर सॅटिरिनी. डोक्यावर चार शिंगांचा मुकुट, तर चराक्सिनी. लिमेनिटिडिनीत मात्र एकच एक खूण शोधू नका: बॅरनच्या सुरवंटाला दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब काटे असतात, सेलरचा अगदी वेगळा दिसतो. तिथे खाद्य वनस्पती आणि कोष दोन्हींचे फोटो घेऊन मगच नाव लिहा.