खाडे कापायचे की भरपगारी रजा द्यायची?

नमस्कार डॉक्टर,

तुमचं पत्र एकदा वाचलं आणि सोबत पाठवलेला वर्षभराचा हजेरीपट तीनदा. उत्तर त्या हजेरीपटातच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात परिस्थिती सांगते. नाशिकमध्ये तुमचं दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे. पगारावर चौघी: रिसेप्शनवरची ताई 18,000, दोन असिस्टंट 15,000 आणि 14,000, आणि अर्धा दिवस येणाऱ्या मावशी 8,000. महिन्याला एकूण 55,000. दुसऱ्या खुर्चीवर बसणारे डॉक्टर टक्केवारीवर येतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न यात नाही. रविवार आणि सणाचे आठ दिवस क्लिनिक बंद असतं आणि त्याचे पैसे तुम्ही कापत नाही. बाकी प्रत्येक खाड्याचा पगार कापला जातो. गेल्या वर्षी असे 71 खाडे झाले आणि साधारण 38,000 रुपये वाचले. आता सहा वर्षांपासून असलेली रिसेप्शनिस्ट सांगते आहे की जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये पगार जवळपास तेवढाच आहे, पण भरपगारी रजा मिळते. तुम्ही विचारता, तिला थांबवायचं तर सगळ्यांना रजा सुरू करावी, की प्रत्येकीला महिना हजार रुपये वाढवून विषय संपवावा? की एक्स-रे मशिनचा 32,000 चा हप्ता चौदा महिन्यांनी संपेल, तोवर थांबावं?

आता हजेरीपट. मे महिन्यात तुम्ही कुटुंबासोबत बाहेर गेलात, क्लिनिक सहा दिवस बंद होतं. त्या सहा दिवसांचे चौघींचे मिळून 24 खाडे लागले आहेत. म्हणजे 71 पैकी 24 दिवस, जवळजवळ एक तृतीयांश, त्या गैरहजर नव्हत्याच. त्या यायला तयार होत्या, दाराला कुलूप तुमचं होतं. हे तुम्ही जाणूनबुजून केलं असं मला वाटत नाही. "काम तेवढा पगार" हा नियम एकदा बसला की वहीत आपोआप असंच लिहिलं जातं. पण आठ हजारांत घर चालवणाऱ्या मावशींचे त्या महिन्यात सुमारे 1,850 रुपये गेले, तेही ऐन शाळेच्या खरेदीच्या तोंडावर. तुमची रिसेप्शनिस्ट दुसरीकडे का बघते आहे, याचं उत्तर मला इथे दिसतं. उरलेले खाडे 47, म्हणजे माणशी बाराही नाहीत. महिन्याला जेमतेम एक. आजारपण, मुलाची शाळा, गावाकडचं लग्न, सासूबाईंचा दवाखाना हे सगळं धरून एवढे कमी खाडे म्हणजे तुमच्या मुली फार नेकीने येतात.

कायदा काय म्हणतो ते सांगते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात डॉक्टरांचे दवाखाने, क्लिनिकं, हॉस्पिटलं स्पष्टपणे धरली आहेत. पण रजेची कलमं 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी लिहिली गेली, आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा आकडा 20 वर नेण्याचा निर्णय घेतला. तुमच्याकडे चौघी आहेत, त्यामुळे या कलमांची सक्ती तुमच्यावर नाही. (किमान वेतन हा वेगळा विषय. तो एका माणसालाही लागू होतो, तेव्हा चारही पगार तुमच्या सल्लागाराकडून एकदा पडताळून घ्या.) तरीही मी तो कायदा मोजपट्टी म्हणून वापरते, कारण त्यातलं माप रास्त आहे. वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा, जी वर्षअखेर न घेतल्यास संपते. 240 दिवस भरले की कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 दिवस हक्काची रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठते. शिवाय सणांच्या 8 भरपगारी सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलेले आणखी चार दिवस.

हेच माप तुमच्या क्लिनिकला लावू. सणांचे आठ दिवस तुम्ही आधीच देता. नैमित्तिक 8 आणि हक्काच्या साधारण 14 अशा माणशी 22 रजा नव्याने द्याव्या लागतील. महिन्याचे 26 दिवस धरले तर चौघींचा एका दिवसाचा पगार 2,115 रुपये. 22 दिवसांचे 46,500. सगळ्यांनी एकही दिवस न सोडता रजा घेतली तरी वर्षाचा आकडा एवढाच. हजार रुपयांची पगारवाढ चौघींना वर्षाला 48,000 ला पडते. म्हणजे तुमचे दोन पर्याय खर्चाला जवळजवळ सारखे आहेत, आणि प्रश्न उरतो तो एवढाच, की त्याच पैशात जास्त काय मिळतं.

माझं मत रजेच्या बाजूने आहे, आणि ठामपणे आहे. हजाराची वाढ उद्या शेजारचं कुणीही दीड हजाराने मोडू शकतं. पुढच्या वर्षीची वाढ त्या हजारावर बसते, आणि खाडा कापला जाण्याची धास्ती तशीच राहते. त्या धास्तीची किंमत दातांच्या क्लिनिकमध्ये दुप्पट आहे. अंगात ताप असताना किंवा डोळे आलेले असताना असिस्टंट पाचशे-सहाशे रुपये जाऊ नयेत म्हणून कामावर येते आणि पेशंटच्या उघड्या तोंडावर वाकून उभी राहते. ऑटोक्लेव्हला, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, 121 अंशांवर किमान 15 मिनिटं द्यावीच लागतात. ग्लानीत असलेल्या मुलीने अवजारांच्या पिशव्यांवरच्या, वाफ लागली की रंग बदलणाऱ्या पट्टीकडे नीट पाहिलं नाही तर काय होईल हे मी तुम्हाला सांगायला नको. आजारी माणूस घरी राहिला पाहिजे असं तुम्ही पेशंटला सांगता, तर तुमच्या माणसालाही ते परवडलं पाहिजे.

आणि रिसेप्शनिस्ट गेली तर? सहा वर्षांत कुठल्या आजोबांना जिना चढवत नाही, कुणाला फोनवर दोनदा आठवण करावी लागते, कुणाचा हप्ता राहिलाय, हे तिच्या डोक्यात आहे. नवी मुलगी त्या जागी रुळायला दोन-तीन महिने लागतील असं तुम्हीच लिहिलं आहे. तिच्या पहिल्या दोन महिन्यांच्या पगारातला अर्धा हिस्सा शिकण्यात गेला असं धरलं तरी 18,000 झाले, आणि चुकलेल्या अपॉइंटमेंट्स त्यात धरलेल्या नाहीत.

आता खर्चाची दुसरी बाजू, जी तुमच्या पत्रात नाही. रजेच्या पगाराहून जास्त बोचतो तो बदलीचा खर्च. एक असिस्टंट नसली की दोन खुर्च्या दीड खुर्चीसारख्या चालतात. पूर्वी तुमच्याकडे असलेली आणि आता घरी असणारी असिस्टंट अधूनमधून यायला तयार आहे असं तुम्ही म्हणता, तिला दिवसाला 800 रुपये धरा. वर्षाला 20 दिवस म्हणजे 16,000. सगळं मिळून 62,500. महिन्याला सुमारे 5,200. तुमचं महिन्याचं कलेक्शन चार लाख आहे आणि सगळे खर्च-हप्ते जाऊन हातात एक लाख साठ हजार राहतात. या आकड्यांवर हप्ता संपेपर्यंत थांबण्याचं कारण मला दिसत नाही. थांबलात तर चौदा महिन्यांनंतर तुमच्याकडे हप्ता नसेल आणि बहुधा रिसेप्शनिस्टही नसेल. एकच अट घालते: पगार, भाडं आणि हप्ता मिळून दोन महिन्यांचा खर्च भागेल इतकी रक्कम बाजूला असू द्या. ती नसेल तर आधी नैमित्तिक रजा आणि तुमच्या बंदचे दिवस भरपगारी करा, बाकीची रजा सहा महिन्यांनी.

हे 5,200 रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात किंवा आवर्ती ठेवीत टाका. रजा हा कुणाच्या तरी आजारपणात अचानक अंगावर येणारा खर्च वाटतो, प्रत्यक्षात तो भाड्याइतकाच नेमाचा आहे. कराबाबत एक गोष्ट पाहून घ्या. तुम्ही व्यावसायिकांच्या अनुमानित पद्धतीने विवरण भरत असाल, म्हणजे जुन्या कायद्यातलं कलम 44एडीए, तर निम्मी जमा नफा धरली जाते आणि हा वाढीव खर्च दाखवून कर कमी होत नाही. हिशेबाच्या वह्या ठेवून भरत असाल तर पगार आणि बदलीचे पैसे खर्चात धरता येतात, आणि तुमच्या कराच्या टप्प्याच्या प्रमाणात भार हलका होतो. तुमच्या आकड्यांवरून प्रत्यक्ष नफा निम्म्याहून कमी दिसतो, तेव्हा दोन्ही मार्गांची तुलना सीएकडून करून घ्याच.

साठवणुकीला मर्यादा घाला. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या ऑफिसात सुरुवातीला रजा कितीही साठू दिली होती. एक सहकारी गावी परत जायला निघाली तेव्हा तिच्या खात्यावर 60 दिवस निघाले. पैसे तिचे हक्काचे होते, ते दिलेच, पण त्या महिन्यात माझं स्वतःचं घरभाडं ठेव मोडून भरावं लागलं. कायद्यातली 45 दिवसांची मर्यादा मोठ्या आस्थापनेला झेपते. चौघींच्या क्लिनिकला 20 पुरे. वर्षाला सात दिवसांपर्यंत रजेचे पैसे मार्चमध्ये द्या, बाकी रजा घेऊनच संपवायला लावा. पैशांच्या आशेने कुणी वर्षभर विश्रांतीच घेतली नाही तर या सगळ्याला अर्थ राहत नाही.

तुमच्या मेच्या सहलीचं काय? ती जरूर करा. पण दोन महिने आधी तारखा सांगा आणि त्या दिवसांतले फार तर पाच त्यांच्या हक्काच्या 14 मधून धरा. त्याहून जास्त दिवस बंद ठेवलंत तर पगार तुमच्याकडून. उरलेल्या नऊ दिवसांच्या तारखा त्यांनी निवडायच्या. एक अडचण इथे येईल: दातांना तारा लावायची पोरं मे आणि दिवाळीच्या सुटीतच येतात आणि तुमच्या मुलींनाही रजा तेव्हाच हवी असते. एका वेळी एकच असिस्टंट रजेवर, आणि गेल्या वर्षी दिवाळीत जी थांबली तिला यंदा पहिली निवड, असं जानेवारीतच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका. सणाच्या आठ दिवसांपैकी एक ऐच्छिक ठेवा. कुणाला 14 एप्रिल हवा असेल, कुणाला ईद, कुणाला भाऊबीज. सणाच्या दिवशी सुजलेल्या दाढेचा पेशंट आला आणि एकीला बोलवावं लागलं, तर दुप्पट पगार आणि नंतर बदली रजा द्या. मोठ्या आस्थापनांना कायदाही हेच सांगतो.

बाळंतपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लग्न ठरलेल्या असिस्टंटचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. 26 आठवड्यांच्या भरपगारी प्रसूती रजेची सक्ती 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी आहे. 15,000 पगारावर त्याचे 90,000 होतात, शिवाय बदली. एवढं तुमच्या क्लिनिकला आज झेपणार नाही. माझ्या मते आठ आठवडे पूर्ण पगार आणि सहा महिने जागा राखून ठेवण्याचं लेखी आश्वासन, एवढं नक्की द्या. तीस हजारांच्या आसपासचा हा खर्च अचानक नसतो, त्याची सूचना आपल्याला काही महिने आधी मिळते. कागदावर हे आजच असू द्या, म्हणजे कुणाला बातमी लपवावी लागणार नाही.

आता फेब्रुवारीतलं तिचं लग्न. तिने पंधरा दिवस मागितले आहेत आणि तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. धोरण 1 जानेवारीपासून सुरू करा आणि वर्षभर काम झालेल्या प्रत्येकीच्या खात्यात यंदाच्या 14 पैकी 7 रजा पहिल्याच दिवशी जमा करा. ती रजा त्यांनी गेल्या वर्षी कमावलेलीच आहे. नैमित्तिक रजा तिमाहीला दोन. पंधरा दिवसांत दोन रविवार जातात, उरतात तेरा. सात आणि दोन मिळून नऊ झाले, राहिलेले चार पुढच्या रजेतून आगाऊ द्या. त्या तेरापैकी आठ दिवस जुन्या असिस्टंटला बोलवा, पाच दिवस एकच खुर्ची चालवा आणि त्या दिवसांत लांबलचक कामं घेऊ नका. एका पानावर हे सगळं मराठीत लिहा, चौघींना एकत्र बसवून वाचून दाखवा, प्रत्येकीला सहीची प्रत द्या. त्याच बैठकीत मेमधल्या 24 खाड्यांचे पैसे परत करा, प्रत्येकीला तिच्या सहा दिवसांचे. चौघींचे मिळून 12,700 च्या आसपास होतात. रिसेप्शनिस्टने हॉस्पिटलला होकार कळवण्याआधी ही बैठक व्हायला हवी, तेव्हा हा शनिवार सोडू नका.