होस्टिंग बदललं आणि वेबसाइटवरच्या सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं झाली. परत मिळेल का?

आधी सांगा, जुनं होस्टिंग अजून चालू आहे ना? असेल तर त्याला आज हात लावू नका, बाकी सगळं निस्तरता येतं.

तुम्ही लिहिलंय की वर्डप्रेसच्या फाइली उतरवल्या, पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस एक्स्पोर्ट केला, नव्या सर्व्हरवर चढवला. फोटो, मेनू, इंग्रजी ठीक, फक्त मराठी गेलं. म्हणजे घोळ कॅरेक्टर सेटचा, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या आकड्याने साठवायचं त्या यादीचा आहे. आणि हो, दुरुस्त करायला म्हणून एखादी पोस्ट उघडून 'अपडेट' दाबू नका. आत्ता कदाचित नुसतं चुकीचं दिसत असेल. सेव्ह केलंत तर प्रश्नचिन्हंच साठवली जातील.

आता नव्या सर्व्हरवर पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये पोस्टचं टेबल उघडा. तिथे मराठी नीट दिसलं तर माल शाबूत आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंगच्या फाइलमधली डीबी_चारसेटची (DB_CHARSET) ओळ रिकामी किंवा चुकीची असणार. तिथे यूटीएफ८एमबी४ (utf8mb4, देवनागरीसकट सगळ्या लिप्या मावणारा संच) लिहा, झालं काम.

तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर अक्षरं इम्पोर्ट होतानाच गेली. टेबलं लॅटिन१ (latin1, रोमन अक्षरांपुरता जुना संच) मध्ये असली की देवनागरीला तिथे जागाच नसते, आणि न मावणाऱ्या प्रत्येक अक्षराजागी मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) एक '?' ठेवून मोकळं होतं. मायएसक्यूएल ८.० च्या आधी लॅटिन१ हाच डिफॉल्ट होता, त्यामुळे जुन्या साइटींत हे फार सापडतं. त्या '?' जागी 'क' होता की 'ख', हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तो डेटाबेस टाकून द्या आणि जुन्या सर्व्हरवरून नव्याने घ्या.

प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए आणि मधूनमधून जपानी येनचं चिन्ह असा कचरा दिसला असता, तर मला आनंदच झाला असता. यूटीएफ-८ मध्ये (यूटीएफ८एमबी४ हे त्याचंच मायएसक्यूएलमधलं नाव) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं. ते तीन सुटे वाचले गेले की हा कचरा होतो, पण बाइट जागच्या जागी असतात.

नव्याने घेताना डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्येच तयार करा. चढवण्याआधी एसक्यूएल फाइल नोटपॅड++ मध्ये उघडून 'आहे' शोधा. हजारभर 'आहे' सापडले की निम्मी लढाई जिंकली. मग टेबल बनवण्याच्या ओळींत लॅटिन१ असेल तिथे यूटीएफ८एमबी४ करा. फाइलीत तो येनचा कचरा दिसला तर मायएसक्यूएलडंपला (मायएसक्यूएलचा एक्स्पोर्ट काढणारा प्रोग्रॅम) लॅटिन१ सांगून पुन्हा एक्स्पोर्ट काढा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात.

मी हे फुकट शिकलो नाही. एका वाचनालयाची साइट हलवली होती. मुखपृष्ठ छान दिसलं (त्यावर मराठी होतं, पण चित्रात!) आणि महिन्याचे पैसे वाचवायला त्याच संध्याकाळी जुनं खातं बंद केलं. बॅकअपही त्याच खात्यात होता. पुढचे कितीतरी रविवार मी छापील अंक समोर ठेवून लेख पुन्हा टाइप करत होतो. तेव्हापासून जुनं खातं महिनाभर तरी ठेवतोच, आणि एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर.

डोमेनचा ईमेल जुन्याच सर्व्हरवर असेल, तर खातं बंद करण्याआधी तोही हलवा. ते लोकांच्या लक्षात थेट पत्रं यायची थांबल्यावर येतं.