पाच स्टार किती आहेत ते सगळ्यात शेवटी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्सस ए अँड एम विद्यापीठात एमएससाठी आलात, लॅबमधली पोरं अमेरिकन फुटबॉलच्या नव्या भरतीबद्दल, म्हणजे शाळेतून दरवर्षी घेतल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या बॅचबद्दल, सकाळ-संध्याकाळ बोलतात, रेटिंग देणाऱ्या साइटवर त्या बॅचला वरचा क्रमांक दिलाय, तर टीम आता जिंकणार का आणि तो क्रमांक कितपत मानायचा?

मी ह्यूस्टनजवळ वीसेक वर्षं आहे. पहिली पाच वर्षं हा खेळ म्हणजे कुस्ती आणि ट्रॅफिक जॅम एकत्र केल्यासारखा वाटायचा. आता घरचे म्हणतात की मुलांच्या ॲडमिशनपेक्षा जास्त लक्ष मी डिसेंबरातल्या साइनिंग डेवर, म्हणजे शाळेतली मुलं कॉलेजांशी सही करतात त्या दिवसावर, देतो. तेव्हा उत्तर लांबणार, आधीच सांगतो.

सुरुवात तुमच्याच कॉलेजपासून करू. २०२२मध्ये ए अँड एमची बॅच देशात पहिली आली. २४७स्पोर्ट्स ही साइट शाळेतल्या खेळाडूंना मिळालेल्या वेगवेगळ्या रेटिंग्ज (जास्तीत जास्त पाच स्टार) एकत्र करून जो हिशोब मांडते, त्यात तोवरच्या कुठल्याही कॉलेजच्या कुठल्याही बॅचला एवढे गुण मिळाले नव्हते. आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. मग १० सप्टेंबरला आमच्या कायल फील्ड स्टेडियमवर ॲपलेशियन स्टेट आली, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातली टीम. येऊन खेळण्याचे त्यांना पंधरा लाख डॉलर दिले होते. घरच्या प्रेक्षकांना विजय दाखवायला मोठी कॉलेजं अशा मॅचेस चक्क विकत घेतात. आम्ही १७-१४ने हरलो. साठ मिनिटांच्या खेळात एकेचाळीस मिनिटं चेंडू त्यांच्याकडे होता. सीझन ५-७वर, म्हणजे पाच विजय आणि सात पराभवांवर, संपला. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोच जिम्बो फिशर यांना काढलं आणि करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्यांना देणं लागलो.

मग रेटिंग खोटं होतं का? अजिबात नाही. त्या बॅचमधला वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट हे दोघे २०२५च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तिथे, पाठोपाठ, सोळावा आणि सतरावा, असे पहिल्याच फेरीत गेले. म्हणजे पारख करणाऱ्यांनी मुलं बरोबर ओळखली होती. पण सोळाव्या क्रमांकावर गेलेला नोलन तोवर ए अँड एमचा राहिलाच नव्हता, तो ओल मिसला, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठात, निघून गेला होता. आणि सतरावा स्टुअर्ट तीनही वर्षं आमच्याकडे राहिला, पण समोरच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला) पाडण्याचा हिशोब, म्हणजे सॅक, तीन वर्षांत मिळून साडेचार. एनएफएलने त्याची उंची, वजन आणि धाव बघून पैसे मोजले. आपल्याला हवे होते शनिवारच्या कॉलेज मॅचेसचे निकाल.

म्हणून माझं पहिलं काम क्रमांक झाकून जागा बघायचं. २०२२च्या यादीत बरीचशी मोठी नावं कुठे होती? नोलन, स्टुअर्ट, एलटी ओव्हरटन, अँथनी लुकास, हे सगळे डिफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे समोरच्यांना रोखणाऱ्या पुढच्या फळीचे. कबड्डीच्या संघात सात जबरदस्त चढाईपटू घेतले आणि कोपरारक्षक कोण असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात, तसं काहीसं. त्याच वर्षी आमची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी, दुखापतींनी खिळखिळी झाली होती आणि तिथे लगेच उभं राहील असं कोणी नव्हतं. ही जागा नीट समजून घ्या, कारण नवखा प्रेक्षक तिकडे बघतच नाही. पाच जण एका वेळी उभे राहतात, प्रत्येकाचं वजन १४० किलोच्या आसपास, आणि बावीस वर्षांच्या मुलासमोर अठरा वर्षांचा मुलगा टिकत नाही. त्याला ताकद कमवायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून दरवर्षी चार-पाच जण घेत राहावे लागतात. एक वर्ष चुकलं तर त्याचा फटका तिसऱ्या वर्षी बसतो, आणि तेव्हा शिव्या भलत्याच कोचला पडतात. पास झेलणारा रिसीव्हर किंवा त्याला अडवणारा कॉर्नरबॅक मात्र पहिल्याच वर्षी उपयोगी पडू शकतो. पळणं शिकवावं लागत नाही.

क्रमांकाचं गणितही जाणून घ्या. साइटच्या सूत्रात बॅचमधल्या सर्वोत्तम मुलाचे गुण जवळजवळ पूर्ण धरले जातात, खालच्यांचं वजन उतरत जातं. तरी मुलं जास्त घेतली की बेरीज वाढतेच. त्यामुळे अठ्ठावीस जणांची बॅच अठरा जणांच्या बॅचपेक्षा वर दिसली तर आधी सरासरी रेटिंग बघा. आणि पाच स्टार देशभरात साधारण बत्तीस जणांनाच मिळतात, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत बत्तीस जागा असतात. म्हणजे तो दर्जा हा एनएफएलबद्दलचा अंदाज आहे, तुमच्या टीमच्या गरजेबद्दलचा नाही. बारावीच्या मार्कांवरून कोण चांगला इंजिनीअर होईल ते थोडंफार कळतं, पण कंपनीत सिव्हिलची जागा रिकामी असताना कॉम्प्युटरचे टॉपर भरून चालत नाही.

एकेका मुलाकडे बघताना मी हायलाइट्सवर फारसा भरवसा ठेवत नाही. तीन मिनिटांच्या व्हिडिओत सगळेच सेहवाग असतात. त्यापेक्षा तो ॲथलेटिक्समध्ये पळतो का, शंभर मीटरची अधिकृत वेळ किती, थाळीफेक किंवा गोळाफेक करतो का, हे शोधतो. टेक्ससमध्ये हे सोपं आहे, कारण फुटबॉल खेळणारी बरीच मुलं वसंतात ट्रॅकवर असतात. दुसरं, त्याला आणखी कोणकोणत्या कॉलेजांनी बोलावलं होतं. तीन स्टारच्या मुलामागे जॉर्जिया आणि ओहायो स्टेट शेवटच्या आठवड्यापर्यंत असतील, तर त्या कोचेसना काहीतरी दिसलंय. माझा अनुभव असा की स्टारपेक्षा ही यादी जास्त बोलते.

चांगली बॅच कशी दिसते, तर अलाबामाची २०१७ची. टुआ टागोवायलोआ, नाजी हॅरिस, डेव्हॉन्टा स्मिथ, जेरी ज्युडी, हेन्री रग्ज, ॲलेक्स लेदरवूड, जेड्रिक विल्स. क्वार्टरबॅक, चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक, रिसीव्हर, लाइन, सगळं त्यात आलं. जानेवारी २०१८च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला १३-०ने मागे असताना कोच निक सेबन यांनी क्वार्टरबॅक म्हणून टुआला आणलं, आणि जादा वेळेत त्याने स्मिथला ४१ यार्डांचा पास देऊन २६-२३ने सामना संपवला. दोघेही पहिल्या वर्षाचे. लेदरवूडही त्याच सामन्यात दुखापत झालेल्या जोना विल्यम्सच्या जागी उतरला होता, पण त्याचं नाव कोणाच्या लक्षात नाही. लाइनवाल्यांचं नशीबच तसं. आणि त्याच बॅचमध्ये तीन स्टारचा एक क्वार्टरबॅक होता, मॅक जोन्स. तीन वर्षं बहुतेक वेळ बाकावर बसून २०२०मध्ये त्याने अपराजित राहून विजेतेपद मिळवून दिलं.

आज जोन्स तीन वर्षं थांबला असता का? मला शंका आहे. २०२१पासून खेळाडू एकदा कॉलेज बदलून लगेच खेळू शकू लागले, त्याच वर्षी जुलैपासून जाहिरातींत वगैरे स्वतःचं नाव-प्रतिमा वापरू देण्याचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, आणि २०२५-२६पासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे वाटू शकतात, त्या पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. पूर्वी भरती म्हणजे घर विकत घेणं होतं. आता तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार आहे, आणि सीझन संपला की भाडेकरू शेजारची बिल्डिंग बघून येतो. २०२२च्या आमच्या बॅचमधून नोलन, ओव्हरटन, लुकास, रिसीव्हर इव्हान स्टुअर्ट असे एकेक करत गेले. याच्या उलट २०२५मध्ये आमचे कोच माइक एल्को यांच्या टीमने साखळीत ११-१ कामगिरी केली, तेव्हा सर्वाधिक सॅक करणारा कॅशियस हॉवेल बोलिंग ग्रीन या दुसऱ्या कॉलेजातून आलेला होता.

एक जुना नियम अजून उपयोगी आहे: मागच्या चार बॅचेस एकत्र करून त्यात चार-पाच स्टारवाले निम्म्याहून जास्त आहेत का बघायचं. नसतील तर विजेतेपद विसरा, असं वर्षानुवर्षं खरं ठरत आलं. मग २०२५च्या सीझनमध्ये इंडियानाने १६-० करून तो मोडला. त्यांचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा आधी येलला जाणार होता, त्याऐवजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला आणि मग इंडियानात येऊन हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकला. पण तेवढ्यावरून नियम फेकून देऊ नका. इंडियानाकडे तेवीस-चोवीस वर्षांचे घडलेले खेळाडू भरपूर होते; अठरा वर्षांच्या पोरांवर त्यांनी डाव लावलाच नव्हता.

तेव्हा तुमच्या बॅचचं काय? लाइनवाले किती आहेत मोजा, क्वार्टरबॅक एक तरी आहे का बघा, जानेवारीतच कॅम्पसवर दाखल झालेले कोण ते शोधा. त्यांना वसंताचा सराव मिळतो. मग सीझन सुरू झाल्यावर पंटच्या वेळी, म्हणजे लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे पाठवतात तेव्हा, धावणाऱ्यांचे जर्सी नंबर लिहून ठेवा. नवख्याला चार मॅचेसपर्यंत खेळवलं तर कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या मोजक्या वर्षांतलं त्याचं वर्ष वाया जात नाही, म्हणून कोच तेवढं चाखून बघतात. पाचव्या मॅचलाही जो मैदानात दिसेल, तो खरंच हवा आहे.

आणि दुपारची मॅच असेल तर टोपी न्या. विद्यार्थ्यांची बाजू पूर्वेची आहे, ऊन सरळ तोंडावर येतं, आणि तिथे मॅच संपेपर्यंत कोणी बसत नाही.