प्रिंटर स्वस्त, शाई महाग

प्रश्न : मुलांच्या शाळेच्या कामासाठी चार हजारांचा इंकजेट प्रिंटर घेतला. महिन्याला जेमतेम चाळीस पानं निघतात, तीही काळीच. तरी रंगीत कार्ट्रिज रिकामं! टँकचा, म्हणजे बाटलीतून शाई भरायचा प्रिंटर घ्यावा का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : रंगीत शाई दोन वाटांनी जाते. प्रिंटर सुरू होताना स्वतःचं हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) साफ करतो, त्यात सगळेच रंग थोडे थोडे वाया जातात. शिवाय सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’ आणि ‘ब्लॅक इंक ओन्ली’ निवडलं नसेल, तर करडा भाग रंग मिसळून छापला जातो. कागदाचा प्रकार ‘फोटो’ राहिला असेल तर काही मॉडेलांत काळाही रंगांतूनच बनतो. तो ‘प्लेन’ करा. तीन रंगांच्या कार्ट्रिजमधला एक संपला की उरलेले दोन भरलेले असूनही बाद.

प्रिंटर बोर्डाच्या बटणावरून कधी बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड टोपीखाली जाऊन बसतं. नाहीतर शाई वाळते आणि परत क्लीनिंग, परत शाई.

आता हिशेब. काळं कार्ट्रिज 900 रुपयांचं आणि खोक्यावर 180 पानं लिहिली असतील, तर पान पाच रुपयांना. तेही पानाचा साधारण 5 टक्केच भाग शाईने भरेल असं धरून. नकाशा छापलात की गणित कोलमडलं. टँकच्या प्रिंटरची 65 मिलीची काळी बाटली 4,500 पानांपर्यंत जाते, म्हणजे पानामागे शाईचा खर्च रुपयांत नाही, पैशांत. पण यंत्र दहा-बारा हजारांचं. तुमची वर्षाची 480 पानं, खर्च 2,400. टँकचे पैसे वसूल व्हायला चार-पाच वर्षं लागतील. महिन्याला दोनशे पानं असती तर वर्षाभरात सुटले असते. तूर्त आहे तोच वापरा, रंगीत पानं झेरॉक्सवाल्याकडून काढा.

प्रश्न : कार्ट्रिज रिफिल केलं तर?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : हेड कार्ट्रिजवरच असेल तर दोन-चारदा चालतं. मात्र पूर्ण कोरडं होऊ देऊ नका. शाईविना हेड तापून जळतं. सुईने हळूहळू, चार-पाच मिलीच भरा, जास्त झाली की खालून गळते. काळ्यात पिगमेंट (बारीक कणांची) आणि रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय (विरघळलेल्या रंगाची) शाई असेल, तर त्याच जातीची घ्या. चिपमुळे पातळी ‘रिकामी’च दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.