सवाईसाठी पुण्यात दोन दिवस

प्रश्न : डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी आईला घेऊन शनिवार-रविवार पुण्यास जाण्याचा विचार आहे. तिचे गुडघे दुखतात. मुक्काम कोठे करावा आणि शहर केव्हा पाहावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव अलीकडे मुकुंदनगरमधील महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो आणि कोल्हापूरच्या एसटी गाड्याही जवळच्याच स्वारगेटला येतात, त्यामुळे मुक्काम स्वारगेटच्या आसपासच करावा. आईंसाठी भारतीय बैठकीचे नव्हे, खुर्चीचे तिकीट काढावे, मग ते थोडे महाग पडले तरी चालेल. मंडप घातलेला असला तरी मैदान ते मैदानच. रात्री गारवा जमिनीतून वर चढतो आणि प्रथम पायांना जाणवतो, म्हणून शालीबरोबर कानटोपी व जाड पायमोजे अवश्य न्यावेत.

शहर सकाळीच पाहावे. पर्वतीच्या पायऱ्या या खेपेला राहू द्याव्यात. सारसबागेतील गणपतीचे दर्शन घेऊन राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. तेथील जुनी वाद्ये संध्याकाळच्या मैफलीपूर्वी पाहण्याचा आनंद वेगळाच आहे, मात्र जिने असल्याने आईंना झेपेल तेवढेच पाहावे. दुपारी त्यांना तासभर झोपू द्यावे. सोमवारी रजा मिळत असेल तर रविवारी रात्रीच परतण्याची घाई करू नये, कारण शेवटचे गायन अर्ध्यावर सोडून उठणे जिवावर येते.